लाकडी बदक

अंबरीषला जुन्या अमेरिकन लाकडी वस्तूंचं भारी वेड. कंपनीनं जपानमध्ये कावासाकीला पाठवलं, तर तिथंही मायदेशी परतणाऱ्या अमेरिकनांकडून जुनी कपाटं, खुर्च्या घेऊन त्यानं एवढंसं घर भरून टाकलं. सगळ्यात लाडकं एक रंगवलेलं बदक. शिकारी असली लाकडी बदकं तळ्यात सोडून झुडपाआड दबा धरायचे. आपल्यातलंच कुणीतरी निवांत बसलंय असं वाटून खरी बदकं बिनधास्त खाली उतरायची.

“शी! असं फसवून मारायचं?” बायको, चारुता, म्हणायची.

रविवारी दुपारी ती गॅलरीतून ओरडली, “अरे, गल्लीपलीकडच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आपल्याकडची बाई आलीय! टिकली बघ ना!” वर्षभर मराठी बोलायला शेजारीण नव्हती. चकल्यांचा डबा घेऊन ती धावलीच.

अंबरीष बदक पुसत गॅलरीत आला. समोर कठड्याशी बाई हसत उभी होती. वाऱ्यानं दोरीवरचे कपडे फडफडत होते, पण तिची ओढणी हलत नव्हती. गळ्याभोवती बारीक भेग होती. त्यानं हातातल्या बदकाकडे पाहिलं. डोकं जिथं धडाला जोडलं होतं, तिथं अगदी तशीच.

“चारुता!” तो ओरडला.

चारुता समोरच्या गॅलरीत आली. बाईशेजारी उभी राहिली, हसली, आणि बोलावण्यासाठी तिनं हात वर केला. तो हात खाली आलाच नाही.

“बाबा, आई बोलावतेय,” मागून छोटी अक्षया म्हणाली. ती दारात बसून बूट घालत होती.