शेवटची गाडी

तेरा गाड्या हिर्डोशीला पोचल्या. चौदावी आली नाही.

शिवानीने पुन्हा मोजल्या. तेराच. आज पहिल्यांदा ती सर्वांत पुढे होती. चौदाच्या चौदा गाड्या नेऊन परत आणल्या तर वर्षभर सगळ्या राईडना पुढे तूच, असं मोटरसायकल क्लबच्या मंदारकाकांनी सकाळी कामथडीला सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"धरणाच्या फाट्यावर कोण होतं?" तिने विचारलं.

"मी," अमृत म्हणाला. "नारिंगी जॅकेट दिसेपर्यंत हललो नाही. ते दिसलं, मगच निघालो."

क्लबची पद्धत साधी होती. वळण आलं की पुढच्याच्या लगेच मागे असलेल्या गाडीने तिथे थांबायचं. हात आडवा धरून मागच्यांना वाट दाखवायची. सर्वांत शेवटी नारिंगी जॅकेट येतं. ते दिसलं की जागा सोडायची. आणि वळणावर कोणीच उभं नसेल तर सरळ जायचं. नारिंगी जॅकेट नारायणकाकांचं. पूर्वी पुढे तेच असत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपणहून ती जागा सोडली. "पोरांना होऊ द्या पुढं," म्हणाले. मागे राहायला मन मोठं लागतं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं.

नूतनने हेल्मेट काढलं. तिची ही दुसरीच राईड. तिच्या अंगात नारिंगी जॅकेट होतं.

"भोरला मी थंडीने कुडकुडत होते," ती म्हणाली. "काकांनी अंगातलं काढून दिलं. म्हणाले, तू हो पुढं, मी चहा संपवून आलोच."

"वा, अमृत!" कोणीतरी म्हणालं. "माणसं नाही, कपडे ओळखतोस तू."

हशा झाला. शिवानीने मोबाईल पाहिला. रेंज नव्हती. एका चहाला पाच मिनिटं, फार तर दहा. आता पंचवीस झाली होती. त्या फाट्यावर डांबरी रस्ता उजवीकडे वर चढतो. सरळ जातो तो जुना रस्ता. दीड किलोमीटरवर तो धरणाच्या पाण्यात उतरतो.

"काका नियमाप्रमाणे सरळ गेले असतील तर?"

"अगं, नियम नवख्यांसाठी!" मंदारकाका म्हणाले. "तीस वर्षं त्यांनी याच रस्त्यावर एसटी चालवली. डोळे बांधून सोड, बरोबर येतील. जुन्या कुणी पॅसेंजरने धरलं असेल गप्पांना."

फुलाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. क्लबचं जेवण नेहमी त्यांच्याकडेच असे. तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "नारायण डायवर व्हय? त्यो लई मस्करीखोर झालाय म्हातारपणी. दिवाळीच्या टायमाला आला हुता, येकलाच. माज्या दारात गाडी लावली आन् मलाच इचारतोय, हिर्डोशी कुठं हाय! म्या म्हनलं, डायवर, तुमच्याच गाडीनं म्या माहेराला जायची, आन् मलाच व्हय?"

सगळे पुन्हा हसले. शिवानी हसली नाही. तिने हेल्मेट चढवलं.

"शिवानी, पुढच्याने मागे फिरायचं नसतं," मंदारकाका म्हणाले. "बाकीच्यांनी काय करायचं? थांब, अमृतला पाठवू."

"बाकीच्यांनी जेवायचं," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

फाट्यावर कोणी नव्हतं. ती जुन्या रस्त्यावर वळली. डांबर उखडलेलं होतं. कडेची झुडपं दोन्ही बाजूंनी आत आली होती. एका खड्ड्यातल्या ओल्या मातीत टायरची ताजी खूण होती. एकच, आत गेलेली. बाहेर आलेली नव्हती. तिने वेग वाढवला.

रस्ता संपला तिथे पाणी होतं. पाण्याच्या काठावर गाडी उभी होती आणि पुढचं चाक ओलं होतं. नारायणकाका हँडल धरून उभे होते. पातळ सदऱ्यात ते थरथरत होते.

"रस्ता पान्यात गेलाय," ते म्हणाले. तक्रार करावी तसं.

"उजवीकडे वळायचं होतं, काका."

"तिथं कुनी उभं नव्हतं."

"पण हा तुमचाच रस्ता ना?"

त्यांनी क्लच दाबून पाहिला. "गाडीचं काय न्हाई," ते म्हणाले. "क्लच, ब्रेक, सगळं हाताला ठाऊक हाय. पर फाटा आला की..."

शिवानीने त्यांच्या गाडीची किल्ली काढली आणि खिशात टाकली. आपलं जॅकेट त्यांच्या अंगात घातलं आणि लहान मुलाची लावावी तशी चेन गळ्यापर्यंत ओढली.

"ही गाडी अमृत घेऊन येईल. तुम्ही माझ्या मागे बसा. जेवण झालं की सगळ्यांना सांगू. तुम्हाला जमणार नसेल तर मी सांगेन. आणि सोमवारी दवाखान्यात जाऊ, मी येते बरोबर."

"सांगायचंच का?"

"सांगायचंच."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग मागे बसले. तिने गाडी वळवली. चढ लागला. फाटा दिसू लागला तेव्हा तिने वेग कमी केला आणि मान किंचित मागे वळवली.

"काका, कधीपासून?"

खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला.

"शेवटी ऱ्हायला लागलो, तवापासनं."