ताक येईपर्यंत

निशिकांतनं मोदकावर वरण ओतलं, आणि पंगतीला बसलेल्या समस्त बायकांच्या तोंडून एकदमच ‘अगं आई गं!’ निघालं. उठली मात्र कुणी नाही. स्मितानं टेबलाखाली अनघाचा हात असा काही आवळला, की बांगडी रुतली.

“उठू नकोस,” अनघा पुटपुटली.

“अगं, माझा मोदक आहे तो!”

“असू दे. ताक येईपर्यंत उठायचं नाही.”

पैज तीच होती. सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये दरवर्षी मराठी मंडळींचं गणपतीचं जेवण व्हायचं. पहिल्या पंगतीला पुरुष बसायचे आणि बायका वाढायच्या. आठवडाभर ऑफिसात अख्ख्या टीमला घाम फोडणाऱ्या बायका इथे आल्या की पदर खोचून ‘अजून थोडा भात?’ करत फिरायच्या. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. यंदा अनघा म्हणाली, पहिल्या पंगतीला आम्ही बसणार. मंडळाचा अध्यक्ष निशिकांत खो खो हसला. “ताक वाढेपर्यंत एकही बाई जागची उठली नाही, तर यापुढे कायम पहिली पंगत तुमची. एक जरी उठली, तरी हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?”

“कबूल!”

अनघा युनिव्हर्सिटीत अमेरिकेचा इतिहास शिकवायची. १९६० साली दक्षिणेतल्या एका दुकानात चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरपाशी जाऊन बसले. कॉफी मागितली, मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. हे ती इतकं रंगवून सांगायची, की वर्गातली मुलं हातातले मोबाइल खाली ठेवायची. मग गावोगावी पोरं अशीच जाऊन बसली. काही ठिकाणी तर त्याची चक्क तालीम व्हायची. आपल्याच माणसांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचं, आणि बसलेल्यानं जागचं हलायचं नाही. “त्यांच्या अंगावर केचप ओतलं, त्यांना तुरुंगात टाकलं. आपल्याला काय, फार तर टोमणे पडतील,” असं म्हणून अनघानं सेरंगूनला स्मिताच्या फ्लॅटवर बायकांची तालीम घेतली.

टोमणे मारायला तिनं पुण्याहून आलेल्या आपल्या सासूबाईंना उभं केलं. मालतीबाईंना हे बसण्याबिसण्याचं खूळ मुळीच पसंत नव्हतं. पण हे काम त्यांना आजवर कुणी मान देऊन सांगितलं नव्हतं ना! त्या सुटल्याच. “काय गं स्मिता, बसलीस? खुर्चीला विचारलंस का?” “अपूर्वा, पीएचडी झाली म्हणे तुझी. मग आता लिंबं कोण कापणार, तुझे सर?” बायका हसून हसून सोफ्यावरून घसरल्या, पण उठली एकही नाही.

“आई, तुम्हीपण बसा ना आमच्यात,” अनघा म्हणाली.

“मला नाही बाई सवय,” म्हणत मालतीबाई चहा टाकायला गेल्या. आजही त्या पॅन्ट्रीच्या दारात उभ्याच होत्या.

तर टोमण्यांची तयारी अशी जय्यत होती. आणि आज मेला एक टोमणा कुणी मारला असेल तर शपथ! पुरुष ॲप्रन बांधून नवरदेवाच्या थाटात वाढायला निघाले होते. तिथेच सगळा घात झाला. मीठ भलतीकडे, कोशिंबीर पानाबाहेर. स्मिताच्या नवऱ्यानं, मुकुलनं, भाताची मूद पाडायला वाटी उपडी केली आणि ती वाटीसकट पानावर ठेवून तो पुढे गेला. “पप्पा, दॅट वन राँग लाह!” त्याची स्वानंदी ओरडली. पाठोपाठ अनघाचा नवरा प्रबोध तूप घेऊन आला. ‘किती वाढू, किती वाढू’ विचारत त्यानं धार सोडली ती सोडलीच. बायकांना हसू आवरेना आणि हातही आवरेनात. याच्यापेक्षा टोमणे परवडले असते! अपूर्वा तर स्वतःच्या हातांवर बसली होती.

अखेर ताक आलं. आता ते वाढून झालं की पैज जिंकली. प्रबोधनं काठोकाठ भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचलून आणलं होतं, आणि वाढायला काही आणलंच नव्हतं.

“अनघा, ओगराळं कुठंय?”

“निळ्या पिशवीत.”

“कुठल्या निळ्या?” तो पिशवी शोधायला वळला आणि पातेलं कललं. ताकाचा ओघळ टेबलावरून थेट स्मिताच्या पैठणीकडे निघाला.

“थांब, मी देते!” अनघाच्या तोंडून निघून गेलं. एवढं ओगराळं द्यायचं आणि लगेच बसायचं, कुणाला कळणारसुद्धा नाही. तिची खुर्ची मागे सरकली, गुडघे सरळ व्हायला लागले. वर्षानुवर्षं वर्गात सांगितलेलं सगळं एका पातेल्यापुढे वाहून चाललं होतं. पलीकडे निशिकांतचे डोळे चमकले.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला दाबून खाली बसवलं. हात ओला होता. मालतीबाईंचा.

“बस खाली.”

“आई, अहो, सगळं ताक सांडतंय!”

“सांडू दे.” मालतीबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. “लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत मीही अशीच उठले होते. म्हटलं, एवढी चटणी वाढते आणि आलेच.” त्यांनी पदराला हात पुसले आणि शेजारची रिकामी खुर्ची ओढली. “अजून बसले नाहीये. सरक जरा.”