राहिलेला निबंध

कावळा पाऊण तास नारळाच्या झाडावर बसून होता आणि खाली उतरत नव्हता.

मरीन परेडच्या पुढच्या समुद्रकिनाऱ्यावर केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवून उल्का आणि तिचा धाकटा भाऊ प्रबोध उभे होते. प्रबोधचं अर्धं लक्ष पायवाटेकडे होतं. या देशात पक्ष्यांना खाऊ घालणं हा गुन्हा आहे; दहाव्याला सूट असते की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“इंजिनरूममध्ये देव चालत नाही, तेल चालतं,” असं आयुष्यभर म्हणणाऱ्या बाबांनी शेवटच्या आठवड्यात मात्र दोघांना बजावलं होतं, की दहावा नीट करा आणि कावळा शिवल्याशिवाय निघू नका.

प्रबोधने आधी सांगून पाहिलं की बाबांचा फ्लॅट विकणार नाही. मग ताईकडे लक्ष देईन म्हणाला. मग सिगारेट सोडेन म्हणाला. कावळ्याने मान दुसरीकडे वळवली.

“तुला पुरता ओळखतो तो,” उल्का म्हणाली.

हॉस्पिटलमध्ये बाबा तीनदा एकच गोष्ट बोलले होते. माझा तो निबंध राहिला. जहाजावरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले गोपीनाथराव सत्तरीनंतर विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले होते. विषय होता अमेरिकन कलेचा इतिहास आणि त्यामागचा समाज. हाच विषय का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. आजारपणातही त्यांनी एक तास चुकवला नव्हता. फक्त शेवटचा निबंध राहिला.

“बाबा, तुमचा कोर्स मी पूर्ण करीन,” उल्का हात जोडून म्हणाली.

कावळा उतरला.

पुढच्या तुकडीत तिने नाव घातलं. बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या सेहेचाळीस वर्षांच्या बाईला चित्रांतलं काय कळणार, असं तिला स्वतःलाच वाटत होतं. बारावीनंतर तिने कलाशाळेचा फॉर्म आणला होता. बाबांनी तो स्वतः जाऊन परत केला आणि तिला कम्प्युटरला घातलं. त्यानंतर तो विषय घरात निघाला नव्हता.

डॉ. क्वेक नावाच्या ठेंगण्या, मृदू बाई शिकवत. पडद्यावर अफाट डोंगर, सोनेरी उजेड, निर्मनुष्य दऱ्या. त्या विचारत, ही जमीन खरंच रिकामी होती का, की रिकामी दाखवणं कुणाच्या सोयीचं होतं? गुलाम बायकांनी चिंध्या जोडून शिवलेल्या गोधड्या दाखवत आणि विचारत, यांना संग्रहालयात यायला शंभर वर्षं का लागली? “चित्रात काय आहे ते कोणीही सांगेल,” त्या म्हणत. “कोण नाही, ते सांगा.”

बाबांच्या वहीत पहिल्या पानावर निबंधाचा विषय होता. बंदरांच्या चित्रांत डेकच्या खालची माणसं कुठे आहेत? पुढची पानं कोरी. लॉगबुक अर्धं ठेवून बाबा कधी जहाजावरून उतरले नव्हते. ती कोरी पानं उल्काला बघवत नसत.

तिने तोच विषय घेतला. शनिवार लायब्ररीत जाऊ लागले. एकदा पुंगोलच्या एलआरटीत, वस्तीभोवती गोल फिरणाऱ्या छोट्या रेल्वेत, वाचता वाचता ती पूर्ण फेरी मारून पुन्हा त्याच स्टेशनवर आली, आणि उतरायचं सोडून आणखी एक फेरी बसून राहिली. तिची अकरा वर्षांची गार्गी इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली, “आई, रोज शिप्सच? सो बोरिंग लाह.”

सप्टेंबरात ऑफिसात नवी सिस्टीम चालू व्हायची होती. तीन आठवडे ती धड झोपली नाही. डॉ. क्वेकनी सुचवलं की निबंध सोडून दिला तरी हजेरीचं प्रमाणपत्र मिळेल. उल्काने नको म्हटल्यावर त्या जरा वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या.

प्रबोधने फोनवर समजावलं. “ताई, घे ना प्रमाणपत्र. कावळा काय मार्क बघायला येणारे?”

“शब्द बाबांना दिलाय. कावळ्याला नाही.”

चौथा खर्डा मनासारखा उतरला. चित्रांत शिडं होती, धूर होता, झेंडे होते. धूर करणारे हात कुठेच नव्हते. ती हे लिहीत होती तेव्हा आपण बाबांसाठी लिहितोय, हे ती कितीतरी वेळ विसरून गेली होती. लक्षात आलं तेव्हा तिला अपराधी वाटलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस डॉ. क्वेकनी तिला बोलावून घेतलं. निबंध उत्तम झाला होता. पुढे एम.ए. करायचा विचार आहे का, असं त्यांनी विचारलं. उल्का म्हणाली, नाही, मला फक्त वडिलांचं अपुरं काम पुरं करायचं होतं.

डॉ. क्वेकनी कपाटातून टाचलेला एक गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. बावीस पानं, बाबांच्या ठसठशीत अक्षरात. वर लाल शाईत ‘ए’, आणि तारीख गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरची, ते हॉस्पिटलमध्ये जाण्याच्या तीन आठवडे आधीची.

“निकालात ‘दिला नाही’ असंच लिहा, म्हणाले होते,” डॉ. क्वेक म्हणाल्या. “म्हणजे माझी मुलगी येईल.”