अख्खी काच

धारवाडच्या आमच्या जुन्या गल्लीत दर दोन घरांत मिळून एकच दगडी भिंत आहे. शेजाऱ्यांनी त्यांचं घर पाडलं आणि आमच्या माजघरात, त्या भिंतीतल्या कोनाड्याच्या कोरीव चौकटीच्या वर, बारीक भेग पडली. इंजिनिअरने तिच्यावर आडवा काचेचा तुकडा सिमेंटने चिकटवला.

"अप्पा, ही काच तडकली की भिंत सरकली समजा. त्याच दिवशी घर सोडा."

"मी इथनं कुठं जाणार नाही," माझी बायको अंबू एवढंच म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी मी जीव मुठीत धरून माजघरात येतो. माझ्या आधी तासभर उठलेली अंबू भेगेखालीच उभी असते.

"बघा, अख्खी आहे. उगंच भिता तुम्ही."

चार महिने काच अख्खीच राहिली. आज पहिल्यांदा भीती वाटली नाही. पूजा नेहमी अंबूच करते, पण आज देवाला एक फूल आपल्या हातानं वाहावं म्हणून मी देवघरात गेलो.

 

तिथल्या सात फोटोंपैकी काच आता फक्त दत्ताच्या फोटोला उरली होती.