फुटक्या पाषाणाची साक्ष

पुरातत्त्व खात्याच्या गोगटे मॅडमनी दगडातले आवाज ऐकवणारं कानयंत्र देवाच्या पाषाणाला टेकवलं आणि सुपरवायझर खोपकर दोन पावलं मागे सरकला. गेल्याच आठवड्यात, पार्किंगसाठी टेकडी खणताना, त्याच्या जेसीबीने हा पाषाण दुभंगला होता. त्याने फटीत सिमेंट भरलं, वर शेंदूर फासला, नारळ ठेवला आणि गुपचूप देवाला माफीचं गाऱ्हाणंही घातलं होतं.

"दगड ऐकलेलं सगळं धरून ठेवतो," मॅडम म्हणाल्या. "फक्त कधी ऐकलं, ते सांगत नाही."

टेकडी आमचीच म्हणणारी दोन्ही गावं, पाषाण कुणाच्या बाजूने साक्ष देतो ते ऐकायला, कान टवकारून उभी होती. यंत्र खरखरलं. घागरीत तोंड घालून बोलावं तसा आवाज आला, "बा महाराजा, माझ्या हातून तुझी मोडतोड झाली. पोटात घाल."

"ऐकलंत?" नांदग्याचे सरपंच म्हणाले. "यांच्या पूर्वजांनी आमचा देव फोडला."

"आमच्या कसले? हा रडका सूर तुमच्याच घराण्यातला," म्हणत शिरवड्याच्या तात्यांनी बाह्या सरसावल्या. कुणीतरी काठ्या आणायला धावलं.

खोपकरला राहवेना. तो मध्ये घुसला. "अहो, तो आवाज माझा आहे. मीच फोडला."

"बाजूला हो रे," सरपंच म्हणाले. "हजार वर्षांच्या भांडणात कंत्राटदाराच्या माणसाचं काय काम?"

"बरोबर बोललात," तात्या म्हणाले. दोन्ही गावांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि तेवढ्यात काठ्या आल्या.

खोपकर पाषाणापाशी मटकन बसला आणि पुन्हा गाऱ्हाणं घालू लागला. त्याचं ऐकून घेणारा तेवढा एकच उरला होता.