भिंतीपासून परसापर्यंत

"ताई, यंत्र या भिंतीपाशी टेकव. सगळं विष इथूनच येतंय," भाऊ म्हणाला.

शेताच्या टोकाला बॅटरीच्या कारखान्याची भिंत होती. भावजयीच्या रक्तात शिसे निघाले होते आणि तिला पाचवा महिना होता. ते शिसे कुठून आले हे शोधायला बहीण, मातीच्या प्रयोगशाळेतली संशोधक, मातीतले शिसे मोजणारे हातातले यंत्र घेऊन आली होती. भाऊ निकाल ठरवूनच निघाला होता.

भिंतीलगतच्या मातीत आकडा आला पस्तीस. कुठल्याही निरोगी मातीत असावा तेवढाच.

"बिघडलंय ते."

"सकाळीच तपासून आणलंय."

"मग कारखानदारानं मातीसुद्धा फितवली म्हणायची!"

बहीण हसली नाही. आरोपी आधी आणि पुरावा नंतर, ही रीत तिला मान्य नव्हती. ती मागे फिरली आणि दर काही पावलांवर वाकून माती तपासू लागली. साठ. एकशे दहा. तीनशे. आकडा वाढत होता आणि समोरचे भावाचे घर जवळ येत होते.

परसातल्या पालकाच्या वाफ्यात आकडा बाराशेच्या वर गेला. आपले चुकले असावे या आशेने तिने जागा बदलून पाहिली. चुकले नव्हते.

"इथे काय टाकतोस?"

"चुलीतली राख. कीड फिरकत नाही."

"आणि चुलीत?"

त्याने घराच्या भिंतीला टेकवलेल्या ढिगाकडे बोट दाखवले. पाडलेल्या इमारतींची दारे, चौकटी. त्यांवर जुन्या तैलरंगाचे थरावर थर. "सरपणाला बरं पडतं. फुकट मिळतं."

"त्या रंगात शिसं असतं," ती हळू आवाजात म्हणाली. "जळून राखेत उतरतं."

भाऊ वाफ्यातली राख दोन्ही हातांनी बाजूला सारू लागला.

तेवढ्यात भावजय मागच्या दारात आली. "राखेचं चाललंय ना, वन्सं? यांनी चुगली केली वाटतं." ती लाजली. "काय करू, डोहाळेच तसले लागलेत. चिमूट-चिमूटच खाते हो."

"माझ्या हातावर लावा की ते यंत्र. बघू तरी, आकडा किती येतो!"

बहिणीने यंत्र बंद केले. "माणसावर धरायचं नसतं ते. क्ष-किरण निघतात त्यातून."

नियम खरा होता. भावजयीचा हात तसाच पुढे राहिला. नखांच्या कडा राखाडी होत्या.