शेवटची सूज

लस मिळाली, तर मृदुला पेठकरांचा फायदा उघड होता: गुडघ्यांची सूज कायमची उतरणार आणि संस्थेच्या अतिथिगृहातून सुटून स्वतःच्या घरी जाता येणार. लस त्यांनीच शोधलेली. दुखापत झाली की पेशी एकमेकींना सूज आणि ठणका आणायची वर्दी देतात. बाईंनी ती वर्दीच बंद पाडली. सगळ्या जगाने लस टोचून घेतली. बाई मात्र प्रयोगाच्या शिस्तीप्रमाणे तुलनेसाठी लस न घेता कोऱ्या राहिल्या आणि तिथेच फसल्या. कारण लस घेतलेल्यांच्या जखमा आता गुपचूप सडत होत्या, आणि वर्दी देणारी प्रथिनं फक्त बाईंच्या रक्तात उरली होती. जखमा भरायला तेच रक्त लागे, म्हणून संस्था त्यांना ना लस देत होती, ना घरी सोडत होती.

"आज मला टोचच, गवाणकर," त्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला म्हणाल्या. "जिना उतरताना जीव जातो."

"लिफ्ट बसवून देतो, मॅडम."

"कुठं जायला? फाटकापर्यंत?"

तो हसला नाही. "आमच्या चिनूच्या पायात खिळा घुसला होता. दुखलंच नाही, म्हणून कळलं नाही. आता पाय काळा पडलाय."

चिनूला बारशाला बाईंनीच मांडीवर घेतलं होतं.

"मला अडवायला लेकीला पुढे करतोस होय? शोभतोस खरा माझा विद्यार्थी," म्हणत त्यांनी बाही वर सारली.

रक्ताची पिशवी घेऊन गवाणकर धावत सुटला; तरी जाताना बाहेरून कुलूप लावायला विसरला नाही. चिनूचा पाय वाचला, बापाचा घोर मिटला, जगाला तर दुखेनासं झालंच होतं. दुखायचं काम तेवढं बाईंच्या गुडघ्यांकडे राहिलं.